पाचशे रुपये महिना: आमच्या भागातल्या अभ्यासिकेचे दहा महिने

आधीच सांगून टाकते, ही अभ्यासिका चांगली आहे आणि पोराला लावायची असेल तर लावा. पण चांगली म्हणजे नक्की कशात चांगली, ते सांगायला थोडं घरातलं बोलावं लागणार. ज्यांना फक्त पंखे किती, वायफाय चालतं का आणि डिपॉझिट परत मिळतं का एवढंच बघायचंय, त्यांनी मधलं सोडून खाली उतरावं. (डिपॉझिट मिळत नाही. हे आत्ताच सांगते.)

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. नान्ना (म्हणजे वडील) यंत्रमागावर, अम्मा विड्या वळते, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनवर. धाकटा भाऊ २०२५ मध्ये दहावी झाला, त्याच्यासाठी जून २०२४ ते मार्च २०२५ असे दहा महिने ही अभ्यासिका लावली होती. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा दोघांचीही मराठी, आणि भावाला आठवीपासून गणित-विज्ञान सेमीत, म्हणजे इंग्रजीतून. म्हणजे पोरगं घरी एका भाषेत शिव्या खातं, शाळेत दुसऱ्या भाषेत खातं आणि विज्ञानाच्या पेपरात तिसऱ्या भाषेत गप्प बसतं.

आमच्या मागच्या भिंतीला लागून मागाचं शेड आहे. आठ माग. नवीन माणूस घरात आला की आधी वर बघतो, पत्र्यावर पाऊस पडतोय का म्हणून. आम्हाला तो आवाज आता कळतही नाही, उलट माग बंद पडले की नान्ना झोपेतून उठून बसतात. पण कळत नाही म्हणून त्रास होत नाही असं थोडंच आहे? भाऊ मोठ्याने वाचायला लागला की धोट्याच्या ठेक्यावर वाचायचा. खट-खट, खट-खट. ओळ संपायची, अर्थ मागेच राहायचा.

पुढच्या खोलीत अम्मा आणि शेजारच्या तिघी मांडीवर सूप घेऊन बसतात. भिजवलेली पानं, तंबाखूचा वास आणि चौघींच्या गप्पा. गप्पा नसतील तर हात चालत नाहीत, त्यामुळे त्यांना गप्प बसा म्हणायची सोय नाही. घरात सपाट जागा एकच, माझ्या मशीनचं टेबल, आणि मी कारखान्यातून आले की फॉल-पिकोच्या साड्यांसाठी ते मलाच लागतं. मग भाऊ कुठे बसणार? तो दाराच्या पायरीवर बसायचा. पायरीवर बसलेलं पोरगं दिसलं की गल्लीतल्या प्रत्येकाला त्याच्यासाठी एक काम आठवतं. जा बे, एक पुडी आण. जा बे, मोटर बंद झाली का बघ.

तर फी ५०० रुपये. काहींना हा आकडा वाचून काही वाटणार नाही. आमच्याकडे तो प्रत्येकाने आपापल्या मापात मोजला. अम्मा म्हणाली, तीन दिवसांच्या विड्या. मला शर्टाला खिसा लावायचा दीड रुपया मिळतो, म्हणजे ३३३ खिसे. साडेतीनशे धरा, कारण काही उसवून परत येतात. नान्ना पैशाबद्दल काही बोलले नाहीत, एवढंच विचारलं, "आणि कांड्यांचं काय?"

खरा प्रश्न तोच होता. नववीपासून भाऊ शाळा सुटली की शेजारच्या शेडमध्ये कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला बसायचा. आठवड्याला साडेतीनशे-चारशे आणायचा. अभ्यासिकेची वेळ नेमकी तीच. म्हणजे ५०० जाणार ते जाणारच, वर महिन्याला येणारे पंधराशे थांबणार. खरी फी दोन हजार झाली. ही दुसरी फी कुठल्या पाटीवर लिहिलेली नसते, पण आमच्या गल्लीत पोरांना अभ्यासिका न लावण्याचं कारण बहुतेक वेळा तीच असते.

आणि नववीपासूनच का, तर आठवीपर्यंत शाळेत पुस्तकं फुकट मिळत होती, दुपारी खिचडी मिळत होती. मोफत शिक्षणाचा कायदा तिथपर्यंतच आहे. नववीच्या पहिल्या दिवशी हे सगळं एकदम बंद. पोराची भूक काही आठवीला संपत नाही, उलट त्याच वयात सुटते. पुस्तकं विकत, गाईड विकत, युनिफॉर्म विकत. (मी दिवसाला अडीचशे शर्टांना खिसे लावते, ते कुठल्या कुठल्या राज्यांत जातात. भावाचा शर्ट मात्र दुकानातून घेतला, कारण आमच्या कारखान्यात त्याच्या शाळेचा रंग नव्हता.) त्या जूनमध्येच तो कांड्या भरायला गेला. कोणी पाठवला नाही. आपणहून गेला आणि पहिल्या आठवड्याचे पैसे अम्माच्या सुपात ठेवले. आम्हाला कौतुक वाटलं, हेही खरं.

क्लास की अभ्यासिका, हा वाद घरात आठ दिवस चालला. दहावीच्या क्लासची फी आमच्या भागात वर्षाला बारा हजारांच्या आसपास सांगत होते. भाऊ म्हणाला, सगळे मित्र क्लासला चाललेत. मी म्हटलं, शाळेत सांगतात तेच क्लासमध्ये परत सांगणार. तुला सांगणारे कमी नाहीत, बसायला जागा नाही. एवढं ठासून बोलले, कारण मी स्वतः दहावीचा अभ्यास केला तो त्याच शेडच्या जिन्याखाली बसून. मला ६८ टक्के पडले. बारावी कॉमर्स केली आणि मग मशीन. मी कोणावर रागावलेली नाही. थोडी आहे.

आता जागेबद्दल. मेडिकलच्या दुकानावर पहिला मजला, बाहेरून लोखंडी जिना. पावसात जिना निसरडा होतो, जपून. हॉल लांबट आहे. दोन्ही भिंतींना प्लायचे कप्पे, मधे पाठीला पाठ लावून दोन रांगा, एकूण ५२ खुर्च्या. प्रत्येक कप्प्यात छोटी ट्यूब, चार्जिंगचा पॉइंट आणि आधीच्या पोरांनी पेनाने कोरलेलं काहीतरी. भावाच्या कप्प्यात 'पीएसआय २०१९' असं होतं. झाला की नाही, कोण जाणे. आतल्या बाजूला एसीची वेगळी खोली, तिथे ९०० रुपये, तिथे सगळे स्पर्धा परीक्षावाले. शाळेच्या पोरांना संध्याकाळी ५ ते १०, आणि बिगर एसी. फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडे बिगर एसी म्हणजे काय, ते सोलापूरबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. कप्प्याच्या प्लायला हात लावला तरी गरम लागतो.

इन्व्हर्टर आहे. त्यावर ट्यूब चालतात, पंखे निम्मेच चालतात. पाण्याचे जार रोज येतात, दोन. खायला आत बंदी आहे आणि ते बरोबर आहे, कारण भाऊ एकदा कडक भाकरी न् शेंगा चटणी घेऊन बसला तर तीन कप्पे पलीकडची पोरं वळून बघायला लागली. आता जिन्याच्या वरच्या पायरीवर खायची परवानगी आहे. शाळा पाचला सुटते, सकाळी अकराच्या डब्यावर पोरगं तोवर असतं. पहिले पंधरा दिवस तो तसाच उपाशी जाऊन बसायचा आणि सात वाजता टेबलावर डोकं ठेवून झोपायचा. मला वाटलं आळस. अम्माने डबा द्यायला सुरुवात केली आणि झोप गेली. एक भाकरी, बाकी काही नाही.

अभ्यासिका चालवणारे सर स्वतः स्पर्धा परीक्षा दिलेले. वय निघून गेलं तशा त्यांनी खुर्च्या टाकल्या. ते शिकवत नाहीत. विचारलं तरी शिकवत नाहीत, "मी जागा देतो, अभ्यास तुझा," म्हणतात. पण दाराशी रजिस्टर घेऊन बसतात आणि सव्वासहापर्यंत पोरगं आलं नाही तर घरी फोन जातो. पहिल्या महिन्यात मला चार फोन आले. चारांतल्या तीन वेळा घरी पाणी आलं होतं, एकदा पिक्चर होता.

पाण्याचं बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. आमच्याकडे त्या वर्षी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. त्या दिवशी घरातला प्रत्येक हात पाण्याला लागतो. बॅरल, घागरी, पातेली, तपेली, कढईसुद्धा. वेळ कधी पहाटेची, कधी संध्याकाळची. संध्याकाळची असली की मी कारखान्यात, नान्ना मागावर, अम्माला कंबरेचं दुखणं, मग भाऊच. एकदा मी अशा दिवशी त्याची वही आणायला अभ्यासिकेत गेले तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पाण्याच्या संध्याकाळी कोण बसलंय ते बघितलं की कोणाच्या घरी बोअर आणि टाकी आहे ते न विचारता कळतं. मी मोजलं नाही म्हणा, पण त्या बसलेल्या पोरांची नावं नंतर मे महिन्यात चौकातल्या फ्लेक्सवर होती. महिन्यातल्या तीन-चार संध्याकाळी दहा महिने मोजा. तीस-चाळीस संध्याकाळी होतात. एवढ्यात भूमिती दोनदा करून होते.

सरांनी याच्यावर एक केलं ते मला आवडलं. दारावर फळा आहे, त्याच्यावर रोज कुठल्या भागात पाणी आहे ते लिहितात, आणि त्या भागातल्या शाळेच्या पोरांना त्या दिवसाच्या बदल्यात रविवारी सकाळी बसू देतात. त्याचे पैसे घेत नाहीत.

आता चष्म्याचं सांगते. नाही सांगितलं तरी चाललं असतं, पण मला सांगायचंय.

भाऊ उंच आहे म्हणून पाचवीपासून शेवटच्या बाकावर. आठवी-नववीत त्याची गणितं चुकायला लागली. चुकायची म्हणजे कशी, तर वहीत गणितच चुकीचं उतरवलेलं असायचं. तीनाचा आठ, अधिकाचा उणे. रीत बरोबर, उत्तर चूक. शाळेतून शेरा यायचा, 'लक्ष देत नाही.' मी तो शेरा वाचून त्याला मारलं आहे. एकदा नाही. मी म्हणायचे, मी इकडे खिसे लावतेय आणि तू तिकडे बघून आकडा उतरवू शकत नाहीस? तो काही बोलायचा नाही. त्याला काय बोलायचं तेच माहीत नव्हतं, कारण त्याला वाटायचं फळा सगळ्यांनाच तसा दिसतो.

ऑगस्टमध्ये अभ्यासिकेतून फोन आला. मला वाटलं आला नाही म्हणून. सर म्हणाले, "ताई, हा दारावरचा फळा वाचायला जवळ जातो. अगदी नाकाजवळ. पाणी कुठं आहे ते पोरांना विचारून घेतो. डोळे दाखवलेत का?"

दाखवले नव्हते. सरकारी दवाखान्यात तपासलं, चष्मा बाहेर केला, फ्रेमसकट सातशे रुपये. दोन्ही डोळ्यांना उणे अडीच. दुकानातून बाहेर आला आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला लागला. एक-एक पाटी, मोठ्याने, चहाच्या टपरीच्या दरपत्रकापर्यंत. मी पुढे चालत राहिले, कारण मागे वळून बघायची हिंमत नव्हती.

दोन वर्षं शाळेत, आणि घरात माझ्यासमोर, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. वर्गात सत्तर पोरं असली की मास्तरांना शेवटचा बाक दिसत नाही, आणि घरात चार माणसं चार पाळ्यांत कामाला असली की घरालाही दिसत नाही. तिथे दाराशी एक माणूस नुसता बसलेला होता, त्याला दिसलं. ५०० रुपयांत हे येतं असं पाटीवर लिहिलेलं नाही. प्रत्येक अभ्यासिकेत येईलच असंही नाही.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या कागदांची. जिन्याजवळ सर शिष्यवृत्त्यांच्या तारखा चिकटवतात. तिथे आम्ही पहिल्यांदा वाचलं की विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याकडून शिष्यवृत्ती असते, नववी-दहावीला वर्षाला २,००० रुपये. अम्माचं विडी कामगाराचं ओळखपत्र ट्रंकेत पडून होतं, दवाखान्याशिवाय कधी काढलेलं नाही. फॉर्म ऑनलाइन, तो सरांच्याच कॉम्प्युटरवर भरला. २,००० म्हणजे अभ्यासिकेचे चार महिने. माझ्या वेळी हे होतंच की. ट्रंक पण तीच होती.

त्याच्या शेजारी आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीचा कागद असतो. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या पोरांसाठी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे महिन्याला हजार. कांड्यांच्या पंधराशेला उत्तर द्यायला तेवढे पुष्कळ झाले असते. आम्हाला कळलं तेव्हा भाऊ दहावीत होता. तुमचं पोरगं आठवीत असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा आणि शाळेत जाऊन विचारा. उत्पन्नाच्या दाखल्याच्या मागे जूनपासूनच लागा.

एसीच्या खोलीतल्या एका मुलीने भावाला भूमितीची प्रमेयं समजावली. मंगळवेढ्याकडची आहे, खोली घेऊन राहते, तीन वर्षं परीक्षा देतेय. चहाला खाली उतरली की दहा मिनिटं याच्या वहीत डोकं घालायची. इंग्रजीतला शब्द आधी मराठीत सांगायची, मग आकृती काढायची. मी तिला एक ड्रेस शिवून दिला, पैसे घेतले नाहीत. बारा हजारांच्या क्लासचं काम थोडंफार तिने केलं.

तक्रारी आहेत.

पहिली आणि मोठी. मुलांना रात्री १० पर्यंत बसता येतं, मुलींना साडेआठ. फी दोघांना ५०० च. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, जबाबदारी असते, उद्या काही झालं तर?" बरोबर आहे हो, पण मग मुलींचे ३५० घ्या. रोज दीड तास कमी म्हणजे महिन्याला पंचेचाळीस तास. शिवाय मुली पाचला येतच नाहीत, घरी चूल-भांडी करून सहा-साडेसहाला येतात. म्हणजे त्यांच्या हातात दोन तास, मुलांच्या हातात पाच. समोरच्या घरातली भावाच्याच वर्गातली पोरगी त्याच्यापेक्षा हुशार, तिला लावली होती दिवाळीपर्यंत. मग तिच्या वडिलांनी हाच हिशेब केला आणि काढली. कोणाला चूक म्हणू?

दुसरी, लेडीज टॉयलेटची आतली कडी. नोव्हेंबरात तुटली. मुली दोघी-दोघी जायच्या, एक आत, एक दार धरून. मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी स्वतः कडी नेऊन दिली, ४० रुपयांची. फेब्रुवारीत ती सरांच्या ड्रॉवरमध्येच होती. पोराला उणे अडीच नंबर आहे हे ज्या माणसाला दिसतं, त्याला कडी दिसत नाही.

तिसरी, २०२५ ला दहावीचा पेपर नेहमीपेक्षा लवकर, २१ फेब्रुवारीला सुरू झाला. फेब्रुवारीची फी ५०० ची ६५० केली, 'परीक्षेचा सीझन' म्हणून. आमच्याकडे लग्नसराईत ब्लाउजची शिलाई वाढते ते मला समजतं. पण ज्याने जूनपासून महिना चुकवला नाही त्यालाही तोच दर? १७ मार्चला पेपर संपले तरी मार्चचे पूर्ण ६५० घेतले. ३०० चं डिपॉझिट कप्प्यावर कोरल्याबद्दल कापलं. ते कोरलेलं 'पीएसआय २०१९' होतं. भाऊ २०१९ साली चौथीत होता.

आणखी एक, ही तक्रार नाही. भावाच्या शेजारच्या कप्प्यात एक मुलगा होता, त्याची आईही विडीतली. त्यांना कुंभारीला रे नगर या कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं, जानेवारी २०२४ मध्ये ज्या १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या त्यांतलं. स्वतःचं पक्कं घर, मागाचा आवाज नाही, वेगळी खोली. आम्ही सगळे हळहळलो की आपण का नाही नाव घातलं. पण त्याची शाळा इकडेच राहिली. शाळा, मग अभ्यासिका, मग रात्री अक्कलकोट रोडने घरी. गाडी भरली की सुटते, नाही भरली तर नाही. दोन महिने केलं त्याने, मग अभ्यासिका सोडली. म्हणाला, आता घरीच शांत आहे. शांत होतंच. पण आधी जेवढा वेळ बसून वाचायचा तेवढा आता जायला-यायलाच जायचा, आणि घरी पोचला की तो थेट झोपायचा. त्याला ५८ टक्के पडले.

निकाल १३ मेला दुपारी एकला लागला. मी कारखान्यात होते, मोबाइल लॉकरमध्ये. सुपरवायझर बाईंनी स्वतःच्या मोबाइलवर नंबर टाकून बघितला. राज्यात शंभरातली ९४ पोरं पास झाली, त्यामुळे नुसता पास झाला म्हणून पेढे वाटायचे दिवस राहिले नाहीत. भावाला ५०० पैकी ३७१, म्हणजे ७४.२० टक्के. गणितात ६१. नववीच्या वार्षिकला त्याच गणितात ३८ होते.

आता लोक विचारतात, अभ्यासिकेने किती वाढले? मी म्हणते, तसं सुटं करून सांगता येत नाही. चष्म्याचे किती, अम्माच्या भाकरीचे किती, मंगळवेढ्याच्या पोरीचे किती, कांड्या सोडल्या त्याचे किती. त्या दहा महिन्यांत नान्नांनी रविवारची पाळीसुद्धा केली, ती त्या पंधराशेसाठी. त्यांना खोकला आहे. ते कोणत्या विषयात धरायचे? आणि भाऊ स्वतः चिवट आहे, हे राहिलंच. त्याच रांगेत त्याच ट्यूबखाली बसून दहा महिने रील बघणारी पोरंही मी बघितली. सर ती उठवतात, पण तासातून एकदाच फेरी मारतात. वायफायचा पासवर्ड शाळेच्या पोरांना देऊ नका म्हणून मी सांगितलं होतं. दिला. त्यामुळे वायफाय चालतं का याचं उत्तर, दुर्दैवाने चालतं.

भाऊ आता डिप्लोमाचा फॉर्म भरतोय. फी, बस, ड्रॉइंगचं सामान असा हिशेब पुन्हा सुरू झालाय आणि अम्माने पुन्हा विड्यांत मोजायला घेतलंय.

लावणार असाल तर. जूनच्या पहिल्या आठवड्यात जा, नंतर खुर्ची मिळत नाही. खिडकीकडची रांग घेऊ नका, पश्चिमेचं ऊन सरळ पुस्तकावर येतं आणि खाली रिक्षा स्टँड आहे. १७ ते २२ नंबर चांगले, पंखा डोक्यावर आणि इन्व्हर्टरवरही चालतो. ३१ नंबरची खुर्ची डुगडुगते. आधी कप्प्यावर काय काय कोरलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढून सरांना पाठवा, म्हणजे डिपॉझिटचं बघता येईल. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागा. वर्षाचे एकदम भरले तर फेब्रुवारीत दर वाढणार नाही असं लिहून घ्या, तोंडी नको. डबा द्या. फोनचा नंबर असा द्या की जो सव्वासहाला कोणीतरी उचलेल.

पाचपैकी साडेतीन देते. मुलगी असेल तर तीन, आणि पैसे भरायच्या आधी वर जाऊन टॉयलेटला कडी बसली का ते बघून या.